तेल्याच्या घरचे डोळे

"आधी त्याचे गाल पूस. मग तुझं जे काय शास्त्र आहे ते कर," असं म्हणून मिल्कामावशींनी माझ्या हातात कापसाचा बोळा ठेवला.

मी नुकतीच एसटीतून उतरले होते. खांद्यावरची पेटी अजून धड खाली टेकवली नव्हती, पाणीसुद्धा प्याले नव्हते. समोरच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीचं तैलचित्र होतं आणि त्यातल्या म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांतून गालांवर चकचकीत ओघळ आले होते.

"पावसाळ्यात ओल धरली असेल भिंतीला," मी म्हणाले.

"पावसाळ्यात नाय, उन्हाळ्यात रडतो," मावशी म्हणाल्या. "पूस."

मी पुसलं. बोळा तेलकट झाला. मला त्या वयात सगळ्या गोष्टींचं कारण माहीत असायचं, आणि नसलं तर ते संध्याकाळपर्यंत सापडेल अशी खात्री असायची. चौऱ्याहत्तर सालचा एप्रिल होता. मुंबईच्या एका संग्रहालयात मी जुनी चित्रं दुरुस्त करायचे, आणि रेवदंड्याच्या इस्राएल आळीत, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांच्या वस्तीत, मला मावशींच्या मुलीनं, दिवोरानं, पाठवलं होतं. दिवोरा लग्नानंतर हैफाला गेलेली. आईनं आता आपल्याकडे यावं म्हणून ती जिवाचा आटापिटा करत होती आणि आई जागची हलत नव्हती.

"ते चित्र हललं तर आई हलेल," असं तिनं मला ट्रंककॉलवर सांगितलं होतं.

चित्र मावशींचं नव्हतं. महायुद्धात जीव वाचवून मुंबईला आलेले एक पोलिश यहुदी डॉक्टर हवापालटासाठी या घरात येऊन राहिले होते. चित्र त्यांच्या आजोबांचं. हेर्श लिपनित्स्की नावाच्या यहुदी चित्रकारानं शंभर वर्षांपूर्वी वॉर्सात रंगवलेलं. डॉक्टर पुढे पॅलेस्टाइनला निघाले, चित्र मागाहून नेईन म्हणाले आणि वाटेतच वारले. आता त्यांची पुतणी हैफात दिवोराला भेटली होती. तिला चित्र हवं होतं, पण मुळात होतं तसं. आजोबा आंधळे होते. चित्रकारानं त्यांचे डोळे मिटलेलेच रंगवले होते, असं तिच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

माझ्यासमोरच्या म्हाताऱ्याचे डोळे मात्र टक्क उघडे होते.

चित्र मोठं देखणं होतं. काळा लांब कोट, काळी मखमली टोपी, एक हात जाड ग्रंथावर, दुसरा खुर्चीच्या दांड्यावर. सगळा थाट अगदी रीतसर, पण या लिपनित्स्कीला खुशामत म्हणून ठाऊक नव्हती. कोटाची बाही कोपरावर झिजून चमकत होती ती त्यानं तशीच दाखवली होती, नखांचा पिवळेपणाही सोडला नव्हता. दाढीतला केस न् केस पाहून रंगवलेला. आणि अशा चेहऱ्यात ते डोळे! विशी-बाविशीच्या पोराचे, पाणीदार, तपकिरी. सत्तरीच्या माणसाचा मुखवटा चढवून आत कोणी तरुण उभा आहे आणि भोकांतून बघतो आहे, असं वाटत होतं. मला ते मुळीच आवडलं नाही.

"हे डोळे कुणी काढले, मावशी?"

"हस्केलनं. माझ्या पोरानं." मावशी वेताचा मोडा ओढून चित्रासमोर बसल्या. "बोटीवर जायच्या आदल्या आठवड्यात. आरसा घेऊन बसायचा इथं. म्हणाला, 'आय, मी नसलो तर घरावर कुणाची नजर नको? हा तर झोपलेला.' मी ओरडले त्याला, दुसऱ्याची ठेव आहे म्हणून. पण केलं त्यानं. स्वतःचेच काढले."

"आणि हस्केल आता कुठे असतो?"

"ते त्यालाच ठाऊक," त्या म्हणाल्या.

हळूहळू सगळं कळलं. हस्केल दहा-अकरा वर्षांपूर्वी मालवाहू बोटीवर लागला होता. पहिली दोन वर्षं पत्रं आली, मग बंद झाली. कुठल्याशा बंदरात तो उतरला आणि परत चढलाच नाही, एवढंच कंपनी सांगत होती. मेला म्हणायला पुरावा नव्हता. आळीतली एकेक घरं इस्राएलला जात राहिली, मशिदीत, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघरात, प्रार्थनेला लागतात तेवढे दहा पुरुषही जमेनासे झाले. सगळ्यांनी जाताना मावशींना सांगून पाहिलं, की पोरासाठी एकदा सुतकाला बसून घे आणि मोकळी हो. त्या बसल्या नाहीत.

"बोट लाव," त्या पहिल्या दिवशी त्या मला म्हणाल्या. "कडेला. अगदी हळू."

मी डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याला करंगळी लावली. बोटाला तपकिरी रंग आला. ताजा, मऊ. दहा-अकरा वर्षांपूर्वी लावलेला रंग!

"ओला आहे ना? मेलेल्याचे डोळे ओले असतात का, सांग मला." मावशींचा चेहरा इतका उजळला होता की मला तिकडे बघवेना. "रोज सकाळी बघते मी. ओले आहेत तोवर माझा पोर आहे. तू बाकी सगळं साफ कर, बाय. डोळ्यांना हात नाय लावायचा. तो आला की तोच पुसून काढील."

मी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. आमच्या कामात चेहऱ्याकडे सर्वांत शेवटी यायचं असतं, तेव्हा वाद घालायला वेळ होता.

दुसऱ्या दिवशी चित्र उतरवून खिडकीजवळ टेबलाला टेकवलं आणि कोटापासून सुरुवात केली. धूर, धूळ आणि जुनं पिवळं रोगण निघत गेलं तसा काळ्या कोटातला निळा दिसायला लागला. काम छान चाललं होतं. तरी मी दर थोड्या वेळानं मान वर करत होते, आणि त्याचा मला राग येत होता. चित्रातली नजर कुठंही उभं राहिलं तरी आपल्याकडे वळते, यात काही जादू नाही. सरळ समोर बघणारे डोळे रंगवले की तसंच होतं. या डोळ्यांचं नेमकं उलट होतं. आरशात बघून काढल्यामुळे असेल, ते माझ्याकडे कधीच बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून माझ्या मागे बघत होते. आणि कोणी आपल्या मागे असं टक लावून बघत असेल, तर माणूस किती वेळ वळून न बघता राहील?

शेवटी मी त्यांच्यावर पंचा टाकला. मावशी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि पंचा काढून घडी घालून घेऊन गेल्या.

मासळीवाली सुगंधा रोज सकाळी मागच्या दारानं यायची, मावशींच्या धर्मात चालते ती खवल्यांची मासळी घेऊन. कोळणीचा खणखणीत आवाज, पण त्या खोलीच्या उंबऱ्याशी आली की तो खाली यायचा. मी अंगणात ब्रश धूत होते तेव्हा माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाय, त्याचे डोल्यांना हात नको लावू हां."

"का गं?"

"मावशीचा जीव हाय त्याच्यान. आन मना सांगू? मी तं त्या खोलीत जाय नाय. मागं एकदा गेले, तं तो दारात बघत व्हता. मी पन बघला, कोन आला म्हनून. दारात कोन नाय. पन तिथं निजलेला कुत्रा उठून उभा ऱ्हायला आन शेपूट हालवाया लागला."

"कुत्र्याला मासळीचा वास आला असेल."

"मासळी माज्या डोक्यावर व्हती," सुगंधा म्हणाली, "आन त्याची पाठ व्हती माज्याकडं."

मी हसले. हसायला दिवसाउजेडी काय जातं!

चित्राचा खालचा भाग साफ करायचा तर ते उलटं ठेवणं सोयीचं पडतं. डोकं खाली, पाय वर. तसं ठेवून मी खाली बसून ग्रंथाची कड पुसत होते. बाहेर ऊन रणरणत होतं, कौलं तडतडत होती. माझ्या पायाच्या बोटावर काहीतरी पडलं. गार नव्हतं, कोमट होतं. बघितलं तर तपकिरी थेंब. उलट्या डोळ्यातला रंग उष्म्यानं पातळ होऊन भुवईवरून खाली ठिबकला होता. डोळा मात्र जसाच्या तसा होता, जराही विस्कटला नव्हता. मी चित्र घाईघाईनं सुलटं केलं आणि अंगणात जाऊन बसले. आत जायची इच्छा होईना. हे मी आज कबूल करते, तेव्हा उन्हाचं निमित्त सांगितलं होतं.

तो थेंब पायाच्या बोटावर तसाच होता. चिडून मी तो पुसला आणि सवयीनं वास घेतला. आम्ही लोक सगळ्याचा वास घेतो. जवसाच्या तेलाचा एक विशिष्ट वास असतो, कडवट, रंगाच्या दुकानाचा. हा वास तो नव्हता. हा माझ्या आईच्या वेणीफणीचा वास होता.

मावशी ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी तशीच त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"मावशी, हस्केलनं रंग कशात कालवले होते?"

"कशात म्हणजे? तेलात."

"कुठल्या?"

"घरच्या." त्यांना माझ्या अडाणीपणाचं नवल वाटलं. "मागं घाणा होता आमचा. आम्हांला शनवार तेली म्हणतात ते उगाच? शनवारी घाणा बंद, बाकी सहा दिवस चालू. खोबऱ्याचं तेल इतकं पांढरंशुभ्र निघायचं की अलिबागहून माणसं यायची. हस्केलला त्याच्या मास्तरानं सांगितलं, रंग तेलात कालव. मग तेल्याचा पोर काय दुकानात जाईल तेल आणायला?"

मला एकदम हसू फुटलं. सुटकेचं हसू होतं ते. इतके दिवस मानेवर बसलेलं काहीतरी उतरलं. आणि त्या भरात, समोर कोण आहे याचं भान न ठेवता, मी सगळं सांगून टाकलं. चित्राचं तेल म्हणजे जवसाचं. ते हवेनं घट्ट होतं, रंगाला धरून ठेवतं. खोबरेल घट्ट होत नाही. थंडीत थिजेल, उन्हाळ्यात ओघळेल, पण सुकणार नाही. दहा वर्षांनी नाही की पन्नास वर्षांनी नाही.

मावशींचे हात सुपात थांबले.

"म्हणजे ते ओलं आहे ते तेलामुळं."

"हो."

"मग त्यावरून पोराचं काय कळणार? काय नाय."

आता माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते. "मावशी, मला तसं म्हणायचं नव्हतं..."

"तसंच म्हणायचं होतं. आणि खरंच असेल. तू शिकलेली आहेस." त्यांनी खडा उचलून बाजूला टाकला. मग बाजारभाव विचारावा तसं विचारलं, "आणि सुकलं तर?"

"सुकणारच नाही."

"पण सुकलं तर?"

"मावशी, खोबरेल तेल सुकत नाही. कधीच नाही."

"बरं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळभर त्या माझ्याशी नीट बोलल्या, जेवायला वाढलं, अंथरूण घालून दिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सकाळी उठले तेव्हा त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, आत पाठ करून. केस विंचरलेले नव्हते.

"तू बघ," त्या म्हणाल्या. "मी बघितलं, पण मला म्हातारीला काय कळतं? तू शिकलेली आहेस, तू बघ."

ऊन खिडकीतून थेट चित्रावर पडलं होतं. गाल कोरडे होते. एवढं काही विशेष नव्हतं, सकाळ होती, उष्मा वाढला नव्हता. मी डोळ्याच्या कडेला करंगळी लावली आणि बोट बघितलं. स्वच्छ. जोर देऊन लावलं. स्वच्छ. भिंग काढलं. दोन्ही डोळ्यांच्या रंगावर बारीक बारीक तडे होते, शंभर वर्षांच्या जुन्या रंगावर असतात तसे. मी नखानं टोकरलं तर टक्क असा आवाज आला. चकाकी पार गेली होती. डोळे उघडेच होते, पण माझ्या मागे बघत नव्हते. कुठंच बघत नव्हते.

मी शक्य ते सगळं मनात घोळवून पाहिलं. थिजलं म्हणावं तर एप्रिलचा महिना, घामानं माझा ब्लाउज पाठीला चिकटलेला. मावशींनी काही लावलं म्हणावं तर असं काय आहे जे एका रात्रीत तडे पाडतं? असं काही असतं तर मला माहीत असतं, तो माझा धंदा आहे. पुढे मी खोबरेलात तपकिरी रंग कालवून काचेच्या पट्ट्यांवर लावून ठेवले. उन्हात ठेवले, कपाटात ठेवले, वर्षानुवर्षं ठेवले. त्यातला एकही आजतागायत सुकलेला नाही.

"मावशी," मी भिंग खाली ठेवत म्हणाले.

"तू काल म्हणालीस कधीच नाय."

"हो."

"मग?"

मी माझी स्वच्छ करंगळी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना उत्तर मिळालं. उंबऱ्याला हात टेकून त्या उठल्या. ब्लाउजच्या गळ्याशी दोन्ही हात नेऊन त्यांनी तो एका झटक्यात फाडला. कापड जुनं होतं तरी आवाज केवढा झाला! "बारूख दायान हाएमेत," त्या म्हणाल्या, आणि मग माझ्यासाठी मराठीतून, "तोच खरा न्याय करणारा." कपाटातून पांढरी चादर काढून त्यांनी आरशावर टाकली. त्यांच्यात मयताच्या घरी आरसे झाकतात. सगळं अगदी शांतपणे, घर आवरावं तसं चाललं होतं.

मग त्या चित्रासमोर आल्या.

"तुझं ते औषध काढ, बाय."

"कशाला?"

"त्याचे डोळे मिटायचे राहिलेत. परक्या मुलखात कोण होतं त्याचं मिटायला?"

मी म्हणाले, मी करते, हे नाजूक काम आहे, खालच्या मूळ रंगाला धक्का लागेल. त्यांनी हात पुढे केला तो मागे घेतला नाही. मी काडीला कापूस गुंडाळला, औषधात बुडवला, त्यांच्या बोटांत दिला आणि त्यांचं मनगट माझ्या हातात धरलं. रंग आता खरोखरच जुना, हट्टी झाला होता. कापूस फिरवायचा, टाकायचा, नवा घ्यायचा. तपकिरी बुबुळ फिकं होत गेलं, मग पांढरा भाग गेला, आणि खालून लिपनित्स्कीनं रंगवलेली पापणी वर आली. सुरकुतलेली, जड, थोडी लालसर. कसलाही दिखाऊपणा नसलेली म्हाताऱ्या माणसाची पापणी. एक डोळा झाला, दुसरा झाला, दुपार उलटून गेली.

सगळं झाल्यावर मावशींनी आपला तळवा त्या दोन्ही पापण्यांवर ठेवला आणि तसाच राहू दिला. "झोप, बाळा," त्या म्हणाल्या. मी तोंडात पदराचा बोळा कोंबला होता, तरी हुंदका बाहेर आलाच. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या, चटईसुद्धा न घेता.

मी काहीतरी खायला करते म्हणाले तर त्यांनी मान हलवली. "आज माझ्या घरचं अन्न मला चालत नाय. पहिला घास शेजाऱ्यांनी द्यायचा असतो." आणि मग, "आळीत आता आमचं कोणी राहिलं नाय."

मी सुगंधाच्या घरी धावत गेले. काय सांगितलं ते आठवत नाही. तिनं माझं सगळं ऐकूनही घेतलं नाही. चुलीवरचा भात वाढला, दोन अंडी उकडली, ताटावर ताट झाकलं आणि माझ्या पुढे चालू लागली. ज्या खोलीत ती पाऊल ठेवत नव्हती तिथं ती सरळ आत आली. चित्राकडे एकदाच बघितलं आणि मावशींसमोर जमिनीवर मांडी घालून बसली.

"खा मावशी," ती म्हणाली. "माज्या घरचा हाय. दोन घास खा."

मावशींनी अंडं घेतलं. मीठ न लावता, हळूहळू ते पूर्ण खाल्लं. भाताचा घास घेतला. सुगंधा त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून होती.

"आता सुतकाचे सात दिवस नको," मावशी तिला म्हणाल्या. "आठव्या दिवशी ये. खवल्याची मासळी मिळाली तर आण, दोन तुकड्या."

"दोन? तुमी तं रोज चार घेतव."

"दोन तो येईल म्हणून ठेवत होते," मावशी म्हणाल्या. "आता मला एकटीला पुरतील."